वाकणाऱ्या पायावरचे घर
जहाजाचे धड आणि डेकहाऊस यांच्या परस्परसंबंधाच्या अभ्यासाची प्रस्तावना

जयपुरात बांधकामशास्त्र शिकणारा विद्यार्थी एक गोष्ट कोणी न सांगताच गृहीत धरतो: पाया आपल्या जागी राहणार. सवाई प्रतापसिंहांच्या कारकिर्दीत, १७९९ मध्ये, लालचंद उस्ता यांनी हवामहल उभा केला. पाच मजले, त्यांतले वरचे तीन जेमतेम एका दालनाइतके रुंद, आणि एकूण ९५३ खिडक्या. इतकी उंच आणि इतकी पातळ दर्शनी बाजू सव्वादोनशे वर्षे टिकली, याचे पहिले कारण अगदी साधे आहे. वजन खाली उतरते आणि जमीन ते झेलते. (भूकंपशास्त्रातले मित्र इथे भुवया उंचावतील, त्यांची क्षमा मागून पुढे जातो.)

जहाजावरच्या घराला हे सुख नाही. ज्या डेकवर ते उभे असते तो डेक दर काही सेकंदांनी वाकतो, सरळ होतो आणि उलटा वाकतो. जहाजाच्या वीसेक वर्षांच्या आयुष्यात असे सुमारे दहा कोटी हेलकावे होतात, असे हिशेबासाठी धरण्याची रीत आहे. अशा पायावर घर बांधले तर ते घर काय करते, आणि पायाला काय करायला लावते, एवढाच या अभ्यासाचा विषय. प्रश्न दोन ओळींत मावतो. उत्तराला विसाव्या शतकाचा बराचसा भाग लागला.

माझगाव डॉकमध्ये, वास्कोच्या गोवा शिपयार्डमध्ये, पवईच्या इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंगमध्ये मराठी इंजिनीयरांचा वावर जुना आहे. त्यांतले कितीतरी जण नौकास्थापत्याच्या वाटेने आलेले नसतात. सिव्हिल किंवा मेकॅनिकलची पदवी घेऊन गोदीच्या दारात उभे राहतात. ही प्रस्तावना त्यांच्यासाठी, आणि समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, जयपूरसारख्या शहरात बसून या विषयाकडे वळू पाहणाऱ्यांसाठीही. समुद्र न पाहिल्याने फारसे अडत नाही. तुळई वाकते कशी हे ज्याला नीट कळले आहे, त्याचे निम्मे काम झालेले आहे.

जहाजाचे धड, म्हणजे गोदीत ज्याला हल म्हणतात ते, लांबीच्या दिशेने पाहिले तर एक पोकळ तुळईच असते. वजन तिच्यावर एका प्रकारे पसरलेले, खालून पाण्याचा आधार दुसऱ्या प्रकारे. दोन्ही जागोजाग जुळत नाहीत, म्हणून ती वाकते. लाटेचा माथा जहाजाच्या मध्याखाली आला की मध्य वर उचलला जातो, दोन्ही टोके लोंबतात आणि वरचा डेक ताणला जातो, हे हॉगिंग. माथे दोन टोकांना आणि खळगा मध्याखाली आला की उलटे घडते, डेक दाबला जातो, हे सॅगिंग. लाटेची लांबी जहाजाच्या लांबीएवढी झाली की दोन्ही प्रकार आपल्या टोकाला पोहोचतात. थॉमस यंगने (ज्याच्या नावाचा मॉड्युलस आपण पहिल्याच वर्षी पाठ करतो तोच) १८१४ मध्ये लाकडी युद्धनौकांच्या मजबुतीवर लिहिताना जहाजाकडे या नजरेने पाहिले. लोखंडी जहाजे आली तेव्हा रँकिन आणि एडवर्ड रीड यांनी हा हिशेब कागदावर पक्का केला.

डेकवर जे बांधतात त्याचे नियमांच्या भाषेत दोन प्रकार पडतात. १९६६ च्या लोड लाइन करारानुसार बांधकामाच्या बाजू जहाजाच्या बाजूपासून रुंदीच्या चार टक्क्यांहून जास्त आत नसतील तर ते सुपरस्ट्रक्चर; त्याहून आत असतील तर डेकहाऊस. ताकदीच्या दृष्टीने हा फरक दिसतो त्याहून मोठा आहे. सुपरस्ट्रक्चरच्या भिंती धडाच्या बाजूंवरच उभ्या असतात. डेकहाऊसच्या भिंती डेकच्या मधल्या भागावर असतात आणि तो भाग खालीवर लवचीक असतो. याचे महत्त्व पुढे येतेच.

आता मूळ मुद्दा. घरातल्या दोन सारख्या फळ्या एकीवर एक ठेवून दोन विटांवर आडव्या टेकवा आणि मध्ये दाबा. फळ्या वाकतात, टोकांकडे पाहिले तर वरची खालचीवरून किंचित सरकलेली दिसते. आता त्याच फळ्या चांगल्या गोंदाने चिकटवून, वाळवून पुन्हा दाबा. आता त्या चौपट ताठ झाल्या आहेत. लाकूड तेवढेच, वजन तेवढेच. फक्त सरकणे थांबवले. त्या सरकण्याला रोखणारे जे आडवे बल सांध्यातून वाहते, ते कातरबल. पोलादी गर्डरवर काँक्रीटची स्लॅब ओतताना शिअर कनेक्टर बसवतात ते याचसाठी, त्यामुळे पुलांवर काम केलेल्याला यात नवे काही नाही.

म्हणून पहिल्या पिढीने मानले की डेकहाऊस डेकला वेल्ड केले, रिव्हेट मारले, की दोन्ही मिळून एक तुळई झाली. दुसऱ्या गटाने उलट टोक धरले: घर हे नुसते वजन, ताकदीच्या हिशेबात धरूच नका. दोघेही चुकीचे होते, आणि का चुकीचे होते हे एका छोट्या आकडेमोडीत दिसते. ती इथेच करून टाकू.

घराला छप्पर नाही, दोन्ही बाजूंना फक्त उभ्या भिंती आहेत असे समजा. जहाज हॉगिंगमध्ये आहे, डेक ताणला गेला आहे. भिंतीचा तळ डेकला जोडलेला असल्यामुळे तोही ताणला जाणार. पण ओढ लागते ती भिंतीच्या तळाच्या कडेला, मध्यरेषेला नव्हे. आणि कडेला धरून ओढलेली पट्टी नुसती लांबत नाही, वाकतेही. भिंतीतला सरासरी ताण एक धरला, तर साधा तुळईचा नियम लावून तळाशी ताण चार येतो आणि माथ्यावर ताण येतच नाही, दाब येतो, दोन. म्हणजे खाली जितका ताण, वर त्याच्या निम्मा दाब. एक तुळई मानणाऱ्याने माथ्यावर सर्वांत जास्त ताण अपेक्षिला होता. त्याचे चिन्हच उलटे निघाले. आणि नुसते वजन मानणाऱ्याने तळाचा ताण शून्य धरला होता, तिथे तर तो पुरेपूर आहे.

इथे थांबून घराचा आकार मनात आणावा. धडाने मध्यात कुबड काढले आहे. घर मात्र मध्यात झुकून टोके वर उचलू पाहते आहे. दोघांच्या वाकण्याच्या दिशा विरुद्ध. पण दोघे एकमेकांना जोडलेले. तेव्हा मध्ये धड घराला वर ढकलते आणि टोकांना खाली खेचून धरते. कातरबलाच्या जोडीला हे उभे बल आले आणि आपल्या विषयाचे खरे सूत्र हाती लागले. घर धडाबरोबर किती वाकेल हे या उभ्या बलावर ठरते, आणि ते बल ठरते घराखालचा डेक खालीवर किती ताठ आहे त्यावर. भिंतींखाली आडवे-उभे बल्कहेड, म्हणजे धडाच्या आतल्या भिंती, असतील तर डेक हटत नाही, घराला धडाची वळणे घ्यावीच लागतात, ते पुरेपूर ताकद देते. खाली मोकळे दालन असेल तर डेक स्प्रिंगसारखा दबतो आणि घर मनासारखे वाकते. खरी जहाजे या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतात. कुठे, हे शोधणे म्हणजेच हे शास्त्र.

सिव्हिलच्या वाचकाला एक शेजारचे उदाहरण द्यायला हरकत नाही. काँक्रीटच्या तुळईवर विटांची भिंत बांधली की भिंतीचे सगळे वजन तुळईच्या मध्यावर येत नाही. भिंत स्वतःच्या पोटात कमान धरते आणि तुळई तिच्या तळाची ओढपट्टी होते. आर. एच. वुड यांनी १९५२ मध्ये यावर काम प्रसिद्ध केले. भिंत तुळईला मदत करते, पण दोघांमध्ये टोकांशी जबर बले निर्माण करून. जहाजातही अगदी हेच.

इतिहासात १९१३ हे वर्ष लक्षात ठेवण्याजोगे. त्या वर्षी लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ नेव्हल आर्किटेक्ट्सपुढे जे. फॉस्टर किंग यांनी मोठ्या डेकहाऊसवर निबंध वाचला. आणि त्याच वर्षी, त्याच संस्थेत, सी. ई. इंग्लिस यांनी पत्र्यातल्या भेगा आणि टोकदार कोपरे यांच्याभोवती ताण कसा साचतो ते दाखवले. गोल भोकाच्या कडेला ताण तिप्पट होतो. भोक जितके लांबट आणि टोकदार, तितका हा गुणक चढत जातो. माझ्या मते आपल्या विषयाचे हे दोन पाय. एकाने विचारले की घर किती भार घेते, दुसऱ्याने सांगितले की तो भार नेमका कुठे फाडतो. पुढची चाळीस वर्षे लोक पहिल्याच प्रश्नात रमले, आणि दुसऱ्याचे उत्तर जहाजे स्वतःच देत राहिली. मॅजेस्टिक या प्रचंड प्रवासी जहाजाच्या डेकला १९२४ मध्ये भेग गेली, तिची बहीण लेव्हायथन १९२९ मध्ये फाटली.

सर्वांत भयंकर उदाहरण मात्र लाट नसतानाचे आहे. १६ जानेवारी १९४३, अमेरिकेतले पोर्टलँड. स्केनेक्टडी हे नवेकोरे वेल्डिंगचे टँकर धक्क्याला शांत पाण्यात बांधलेले होते. मैलभर ऐकू जाईल असा आवाज झाला आणि धड जवळजवळ दोन तुकड्यांत मोडले. ठिसूळ पोलाद, सदोष वेल्डिंग, थंडी ही कारणे प्रसिद्ध आहेत. जागा कमी प्रसिद्ध आहे: तडा गेला तो मधल्या सुपरस्ट्रक्चरच्या लगेच मागे. जिथे घर संपते तिथे.

त्यामुळे या विषयाचा माझ्यापुरता गाभा सांगायचा तर तो घराच्या टोकांत आहे. घराच्या मधल्या भागात ताणाचे वाटप कसे आहे यावर उत्तम गणित झाले आहे. पण मधला भाग सहसा फाटत नाही. मोकळ्या टोकाला घरातला ताण शून्य असतो, थोड्याच अंतरावर तो भरास येतो. तेवढा सगळा भार डेकमधून घरात चढतो तो घराच्या उंचीएवढ्या छोट्याशा पट्ट्यात. तिथेच कातरबल सर्वाधिक, तिथेच ते टोक उचलणारे उभे बल सर्वाधिक, आणि तिथेच नेमका कोपरा. नवशिक्या ड्राफ्ट्समनने त्याच कोपऱ्याजवळ दार काढले की पुढचे काम इंग्लिसचे सूत्र करते. म्हणून जाणती गोदी घराचे टोक बल्कहेडच्या डोक्यावर आणते, कोपरा गोलाकार करते, तिथला डेक जाड पत्र्याचा घालते, आणि दार दोन फ्रेम पलीकडे सरकवते.

सिद्धान्ताची सलग बांधणी झाली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. १९४९ मध्ये जॉन वास्ता यांनी प्रेसिडेंट विल्सन या प्रवासी जहाजावरच्या प्रत्यक्ष चाचण्या मांडल्या. १९५० मध्ये लिंडन क्रॉफर्ड यांनी कातरबल आणि उभे बल दोन्ही धरून लांब सुपरस्ट्रक्चरचा हिशेब दिला. कोलंबिया विद्यापीठातले हान्स ब्लाइख यांनी १९५३ च्या सुमारास तोच प्रश्न दोन तुळया आणि त्यांच्यामधला स्प्रिंगांचा थर अशा रूपात आणून ठेवला. आजही मला याहून नेटके रूप माहीत नाही. १९५७ मध्ये कॉल्डवेल, जॉन्सन आणि चॅपमन या तिघांचे निबंध एकाच वर्षी आले. विषयाला पूर आलेला तो काळ. १९६८ मध्ये पॉलिंग आणि पायर यांनी फायनाइट एलिमेंट पद्धतीने तोच प्रश्न संगणकावर सोडवला आणि तिथून हाताचे गणित मागे पडत गेले. ते पूर्ण मागे पडू नये असे मला वाटते. संगणक उत्तर देतो. ते उत्तर चिन्हासकट बरोबर आहे का, हे वरची चार आणि उणे दोनची आकडेमोड केलेल्यालाच चटकन ओळखता येते.

घर कामाला लावायचे नसेल तर कापून टाकावे, हा जुना उपाय. टायटॅनिकच्या सुपरस्ट्रक्चरमध्ये असे दोन एक्स्पान्शन जॉइंट होते. कापलेल्या तुकड्यांची लांबी कमी, म्हणून प्रत्येक जण कमी भार उचलतो. पण कापाला किंमत आहे. तिथे पाणी झिरपते, पाइप आणि केबल वळशाने न्याव्या लागतात, आणि मुख्य म्हणजे कापाचा तळ हाच एक टोकदार कोपरा होतो. एका घराची दोन टोके होती, दोन काप दिल्यावर सहा झाली. उलट बाजूने, घर पूर्ण कामाला लावले तर जहाजाची खरी वरची कड घराचे छप्पर ठरते. तिथले पाच-सहा मिलिमीटरचे पत्रे सॅगिंगच्या दाबाखाली चुण्या पडून निकामी होतात. तेव्हा पत्रा जाड करा, वजन वर चढवा, जहाजाची स्थिरता कमी करा. फुकट काहीच मिळत नाही.

मग अ‍ॅल्युमिनियम आले. वजन पोलादाच्या साधारण एक तृतीयांश, आणि ताठपणाही पोलादाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. म्हणजे डेक तेवढाच ताणला गेला तरी घरात बल तिसऱ्या हिश्श्याचे. १९५२ चे युनायटेड स्टेट्स आणि १९६९ चे क्यूई-२ या जहाजांनी हा फायदा घेतला. पण उन्हाचे काय? साठ मीटर लांबीचे अ‍ॅल्युमिनियमचे घर तीस अंशांनी तापले तर मोकळेपणी सुमारे ४३ मिलिमीटर वाढेल. तेवढ्याच लांबीचे पोलाद बावीसच्या आसपास, आणि समुद्राला टेकलेले धड तर तितके तापतही नाही. जयपूरच्या मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली दुपार काढलेल्याला हा वीसेक मिलिमीटरचा फरक कागदी वाटणार नाही. लाट नसतानाही तळाच्या सांध्यात कातरबल उभे राहते, आणि सांधा तरी कसला! दोन्ही धातू नेहमीच्या वेल्डिंगने जोडले जात नाहीत. आधी रिव्हेट मारत, नंतर स्फोटाच्या दाबाने एकजीव केलेल्या द्विधातू पट्ट्या मध्ये घालू लागले.

युद्धनौकांवर हा हिशेब अधिकच महाग पडला. ब्रिटनच्या टाइप २१ फ्रिगेटांच्या धडांना भेगा दिसल्या आणि १९८२ च्या फॉकलंड युद्धानंतर बाजूंना पोलादी पट्ट्या चढवाव्या लागल्या. अमेरिकेच्या टिकोंडेरोगा वर्गाच्या क्रूझरांवर वापरलेला अ‍ॅल्युमिनियमचा मॅग्नेशियमयुक्त मिश्रधातू वर्षानुवर्षे उन्हात तापून आतून बदलत गेला, आणि ताण व खारी हवा एकत्र आल्यावर तडकू लागला. १९७५ मध्ये बेल्कनॅप या क्रूझरची टक्कर झाली तेव्हा आगीत तिचे अ‍ॅल्युमिनियमचे सुपरस्ट्रक्चर वितळले. अमेरिकेच्याच आर्ली बर्क वर्गाच्या विनाशिकांनी पुन्हा पोलाद धरले ते त्यानंतर.

आपल्याकडचा सर्वांत रंजक अध्याय कोलकात्यात लिहिला गेला. गार्डन रीच शिपबिल्डर्सने बांधलेल्या कामोर्ता वर्गातल्या तिसऱ्या कॉर्व्हेटचे, १६ ऑक्टोबर २०१७ ला नौदलात आलेल्या आयएनएस किल्तानचे, सुपरस्ट्रक्चर कार्बन फायबरच्या संमिश्र पदार्थाचे आहे आणि ते पोलादी धडावर बसवलेले आहे. आपल्या मोठ्या युद्धनौकांमध्ये असे पहिलेच. पाठोपाठ आलेल्या कवरत्तीचेही तसेच. इथे आपल्या सगळ्या जुन्या प्रश्नांचे आकडे बदलतात, प्रश्न तेच राहतात. धाग्यांची दिशा बदलून घराचा ताठपणा हवा तसा ठेवता येतो, ही सोय धातूत कधीच नव्हती. पण तळाचा सांधा आता वेल्डिंगचा नाही, आणि त्यातून वाहणारे उभे बल थर सोलू पाहते. माझगावात बांधलेल्या विशाखापट्टणम वर्गाच्या १६३ मीटरच्या विनाशिका आणि किल्तान यांची चित्रे शेजारी ठेवून घरांची लांबी, टोके आणि दारे-खिडक्यांच्या जागा न्याहाळणे हा मी सुचवीन असा पहिला सराव. विमानवाहू विक्रांतचे बेट, म्हणजे एका कडेला असलेले आखूड घर, हा त्याच्या पुढचा. लांबीने तोकडे असल्याने ते वाक फारसा उचलत नाही.

तेलवाहू आणि बल्क जहाजांची घरे आता मागच्या टोकाला असतात. तिथे धडाचा वाक थोडा, म्हणून हा प्रश्न जवळजवळ सुटतो आणि कंपनांचा सुरू होतो. तो या पुस्तकाचा विषय नाही.

प्रवासी क्रूझ जहाजांवर मात्र सगळे पुन्हा उलटेपालटे झाले. तिथे घर धडाहून उंच, दहा-बारा मजल्यांचे, जहाजाच्या जवळजवळ पूर्ण लांबीचे. आणि बाजूंना ओळीने बाल्कन्या. ती बाजू हवामहलासारखी दिसते, आणि अडचण तिथेच आहे. कातरबल वाहून न्यायचे ते भिंतीने, आणि भिंत तर सगळी खिडक्याच. उरलेल्या चिंचोळ्या खांबांना ते बल वाकवत, तिरके करत वर जाते. वाटेतला प्रत्येक मजला खालच्याहून थोडा कमी ताणला जातो. एक धड आणि एक घर हे रूप इथे पुरत नाही. म्हणून २००४ मध्ये नार, वार्स्टा आणि कुयाला यांनी प्रत्येक मजला स्वतंत्र तुळई मानून, शेजारच्यांना ब्लाइखच्याच स्प्रिंगांनी जोडून पूर्ण जहाजाचा हिशेब मांडला. ज्याने दोन तुळयांचे गणित मनापासून केले आहे त्याला तो निबंध पहिल्या वाचनातच ओळखीचा वाटेल.

पुढची प्रकरणे या क्रमाने आहेत: आधी बिनछपराची भिंत, मग छप्पर, मग लवचीक डेक, मग खिडक्या, आणि शेवटी टोके. टोकांच्या प्रकरणाला उडी मारून जावेसे वाटले तर अडवणार नाही. फक्त जाण्याआधी चार आणि उणे दोन हे आकडे स्वतःच्या हाताने काढून पाहावेत, आणि छप्पर घातल्यावर उणे दोनचे काय होते याचा अंदाज पेन्सिलने कडेला लिहून ठेवावा.